सर्जनशीलता म्हणजे नेमकं काय? 'क्रिएटिव्ह' कोणाला म्हणायचं आणि कोण नेहमी सुटून जातं?

महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, किराणा दुकानात तांदूळ घ्यायला गेलात तर 'एचएमटी' हे नाव हमखास दिसतं. घड्याळं बनवणाऱ्या कंपनीचा या तांदळाशी काहीही संबंध नाही. हा वाण तयार केला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण तिसरीपर्यंत आणि शेती जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि पुढची काही वर्षं निवड करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा, चांगलं उत्पन्न देणारा तांदूळ हाती आला. तो बाजारात पोहोचला तेव्हा एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळी मिरवल्या जाणाऱ्या एचएमटी घड्याळाचं नाव दिलं.

खोब्रागडे यांना लोक 'मेहनती' म्हणतील, 'प्रयोगशील शेतकरी' म्हणतील. पण 'सर्जनशील' हा शब्द त्यांच्यासाठी सहसा कोणी वापरत नाही. तो आपण कवी, चित्रकार, संगीतकार, जाहिरातवाले आणि आता रील बनवणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. सोशल मीडियावर तर 'क्रिएटर' या शब्दाचा अर्थच 'व्हिडिओ टाकणारा' असा झाला आहे.

हा फक्त शब्दांचा प्रश्न नाही. ज्याला आपण सर्जनशील म्हणतो त्याला श्रेय, मान, पैसा आणि कायद्याचं संरक्षण मिळण्याची शक्यता वाढते. ज्याला म्हणत नाही, त्याचं काम 'सगळ्यांचंच' होऊन जातं. म्हणून ही व्याख्या नीट समजून घेणं गरजेचं आहे.

सर्जनशीलतेची व्याख्या काय?

मानसशास्त्रात सर्वसाधारणपणे मान्य असलेली व्याख्या अगदी सुटसुटीत आहे. एखादी कल्पना, वस्तू किंवा कृती सर्जनशील ठरण्यासाठी दोन अटी लागतात. ती नवी असावी आणि ती त्या परिस्थितीत उपयोगी किंवा समर्पक असावी.

दोन्ही अटी एकत्र हव्यात. चहात मीठ घालणं नवं असेल, पण त्याने काही साधत नाही. रोजच्यासारखाच चहा करणं उपयोगी आहे, पण त्यात नवं काही नाही. पहिल्या अटीमुळे नक्कल बाहेर पडते आणि दुसरीमुळे नुसता विक्षिप्तपणा.

या व्याख्येत कागद, कुंचला, वाद्य, कॅमेरा यांचा उल्लेखही नाही. कला हे सर्जनशीलतेचं एक क्षेत्र झालं. शेत, स्वयंपाकघर, गॅरेज, दवाखाना, शाळेचा वर्ग, कारखान्यातली पाळी, ही तितकीच खरी क्षेत्रं आहेत.

यावर अभ्यास कधीपासून सुरू झाला?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांचं १९५० मधलं एक अध्यक्षीय भाषण हा या अभ्यासातला महत्त्वाचा टप्पा मानला जातो. मानसशास्त्रीय संशोधनाच्या सूचीतल्या सुमारे १,२१,००० नोंदींपैकी फक्त १८६ नोंदी सर्जनशीलतेशी संबंधित आहेत, हे त्यांनी त्या भाषणात दाखवून दिलं. तोवर बुद्ध्यांकाच्या चाचण्यांवर भर होता. त्या चाचण्यांत प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं.

गिलफर्ड यांनी दुसऱ्या प्रकारच्या विचाराकडे लक्ष वेधलं. एका प्रश्नाची अनेक उत्तरं शोधणं, म्हणजे चहूबाजूंनी पसरत जाणारा विचार. विटेचे किती उपयोग सांगता येतील, अशा स्वरूपाचे प्रश्न पुढे चाचण्यांमध्ये आले. बांधकामाला वीट सगळेच सांगतात. दाराला अडसर, तव्याखाली टेकू, लगोरीचा दगड, अशी उत्तरं देणारा वेगवेगळ्या दिशांनी विचार करतो, असं त्यातून मोजलं जातं.

या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. दहा मिनिटांत वीस उपयोग सांगणारा माणूस दहा वर्षं एका वाणामागे लागेलच असं नाही. खोब्रागडे यांच्यासारख्यांची सर्जनशीलता निरीक्षणात आणि चिकाटीत होती. ती कागदावरच्या चाचणीत सहज पकडता येत नाही.

'नवं' म्हणजे कोणासाठी नवं?

ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट बोडेन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात इथे एक उपयुक्त फरक केला. काही गोष्टी सगळ्या जगासाठी नव्या असतात, म्हणजे त्या आधी कोणालाच सुचलेल्या नसतात. काही गोष्टी फक्त त्या व्यक्तीसाठी नव्या असतात. इतरांना त्या ठाऊक असतील, पण तिने त्या स्वतःच्या डोक्याने शोधलेल्या असतात.

दुसरीतली मुलगी ९ मध्ये ७ मिळवताना आधी १० मध्ये ७ मिळवते आणि मग १ वजा करते. ही युक्ती जगाला जुनी आहे. तिला कोणी शिकवली नसेल, तर तिच्या डोक्यात घडलेली प्रक्रिया मात्र अस्सल सर्जनाची आहे. 'पुस्तकातल्या पद्धतीने कर' असं म्हणून आपण ती खोडतो, तेव्हा उत्तर बरोबर असूनही तिला चुकल्यासारखं वाटतं.

२००९ मध्ये जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो या अभ्यासकांनी सर्जनशीलतेच्या चार पायऱ्या मांडल्या. सोप्या भाषेत त्या अशा सांगता येतील:

• शिकतानाची: स्वतःला नव्याने उमगलेला अर्थ. वर सांगितलेली बेरीज याच पायरीवरची.

• रोजची: घरात, कामावर, शेजारपाजारात केलेला कल्पक उपाय. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा पहिल्यांदा ज्या घरात झाला असेल, तिथे ही पायरी गाठली गेली.

• व्यावसायिक: वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली. अंगावर न बसणारा झगा दोन टाक्यांत बसवणारा शिंपी, आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखून वेगळाच उपाय काढणारा मेकॅनिक, चांगली प्रोग्रामर.

• युगप्रवर्तक: क्षेत्राचं वळणच बदलून टाकणारी. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके यांचं काम इथे बसतं.

आपली रोजची समजूत चौथ्या पायरीवर अडकलेली असते. 'मी काही क्रिएटिव्ह नाही' असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा 'मी फाळके नाही' एवढंच म्हणायचं असतं. तसं तर जवळजवळ कोणीच नसतं.

संस्कृत काव्यशास्त्र काय म्हणतं?

प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण जुन्या काव्यशास्त्राने एवढ्यावर विषय सोडलेला नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाश'मध्ये काव्यनिर्मितीचं कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या. अंगची शक्ती, जग आणि ग्रंथ पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. या तिन्ही मिळून एकच कारण होतं, अशी त्याची मांडणी आहे.

त्याच्याही आधी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले. कारयित्री, म्हणजे निर्माण करणाऱ्याची, आणि भावयित्री, म्हणजे आस्वाद घेणाऱ्याची. चांगला श्रोता, वाचक, समीक्षक यांच्यातही प्रतिभा असते, हा विचार हजार वर्षांपूर्वीचा आहे. नेमक्या जागी दाद देणारा रसिक किंवा विद्यार्थ्याच्या चुकीमागचा विचार ओळखणारी शिक्षिका यांना सर्जनशील म्हणण्यासाठी पाश्चात्त्य मानसशास्त्राची वाट पाहायची गरज नव्हती.

वस्तू नसते तेव्हाही सर्जन असतं का?

सर्जनशीलतेतून काहीतरी दिसणारी, हातात धरता येणारी वस्तू तयार व्हावी, अशी आपली अपेक्षा असते. पण पुष्कळदा निर्माण होते ती पद्धत.

१९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते द्रावण रुग्णांना तोंडाने द्यायला सुरुवात केली. ग्लुकोज असेल तर आतडं क्षार आणि पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळांत आधीच कळलेलं होतं. महालनोबिस यांनी टाकलेलं नवं पाऊल वेगळं होतं. त्यांनी द्रावणाची पिंपं भरून ठेवली आणि रुग्णाला ते पाजण्याचं काम नातेवाइकांच्या हातात दिलं. छावण्यांमध्ये कॉलऱ्याने सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते. या उपचारानंतर ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

यातला एकही घटक नवा नव्हता. कोणी कोणाला काय द्यायचं, हे मात्र बदललं होतं. पुढे ओआरएस जगभर पोहोचलं. महालनोबिस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मुंबईचे डबेवाले हे दुसरं उदाहरण. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेत डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. डबा कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कोणत्या मजल्यावर न्यायचा, हे त्यावरून कळतं. पत्ता लिहायला जागा नाही, वाचायला वेळ नाही आणि सगळ्यांचं शिक्षण सारखं नाही, या तीन अडचणींवर काढलेला हा तोडगा आहे. तो कोणा एकाचा नाही. पिढ्यांनी मिळून तो घडवला आहे. सर्जनशीलता म्हणजे एकट्या माणसाचं काम, ही समजूत इथे टिकत नाही.

कोणतं काम सर्जनशील, हे ठरवतं कोण?

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या मते सर्जनशीलता फक्त माणसाच्या डोक्यात नसते. ती तीन गोष्टींच्या मध्ये घडते. एक, काम करणारी व्यक्ती. दोन, त्या विषयाचे नियम आणि परंपरा. आणि तीन, 'हे चांगलं आहे' असं ठरवणारी मंडळी, म्हणजे संपादक, परीक्षक, प्राध्यापक, संग्राहक. आजच्या काळात त्यात ॲपचा अल्गोरिदमही धरावा लागेल.

तिसऱ्या घटकाने पाहिलंच नाही, तर काम असूनही नसल्यासारखं राहतं. जात्यावरच्या ओव्या हे त्याचं मोठं उदाहरण. महाराष्ट्रातल्या बायका शतकानुशतकं पहाटे दळताना ओव्या गात आल्या. काही ओळी आईकडून आलेल्या, काही स्वतःच्या. सीता, विठ्ठल, भाऊ, सासर, लेकीची पाठवणी, आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्यांत आले. गाणाऱ्या बाईला कोणी कवयित्री म्हटलं नाही, कारण ती 'दळत' होती. गिरण्या आल्या आणि जाती थांबली, तशा ओव्याही विरू लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा उरला. आज तो 'पारी' या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतो.

बहिणाबाई चौधरी यांचंही असंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या माणसांनी त्यांच्या रचना टिपून ठेवल्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये कवितांचं पुस्तक निघालं. वही कोणी ठेवलीच नसती तर? अशा किती बहिणाबाई टिपल्या गेल्या नाहीत, हे मोजायला साधन नाही.

कायदा कोणाला ओळखतो?

श्रेयाचा प्रश्न शेवटी कायद्यापाशी येतो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये 'आर. जी. आनंद' खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यामुळे तुम्ही लिहिलेला लेख किंवा शूट केलेला व्हिडिओ संरक्षित असतो, पण त्यात दाखवलेली भाजी करण्याची युक्ती नसते. पेटंट कायद्यानुसार पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही.

बियाण्यांच्या बाबतीत २००१ मध्ये 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क' कायदा झाला. नवा वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकारासारखी नोंदणी करता येते, हे या कायद्याने मान्य केलं. एचएमटी तांदूळ मात्र त्याच्या कितीतरी आधी शेतोशेती पोहोचला होता. खोब्रागडे यांना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव आलं. पण वाणाच्या विक्रीतून त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. जून २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा उपचारांसाठी कुटुंबाला आर्थिक मदतीकडे डोळे लावून बसावं लागलं होतं.

या विषयावरचे काही गैरसमज

'उजव्या मेंदूची माणसं सर्जनशील असतात.' मेंदूचे दोन भाग काही कामं वेगवेगळी करतात, हे खरं आहे. त्यावरच्या संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पण काही माणसं 'उजव्या' आणि काही 'डाव्या' मेंदूची असतात, याला आधार नाही. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले गेले. त्यात अशी विभागणी आढळली नाही.

'कल्पना अचानक सुचते.' ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच चार टप्पे सांगितले होते. तयारी, मुरणं, सुचणं आणि पडताळणं. आपल्याला तिसरा टप्पा तेवढा दिसतो. पहिल्या दोन टप्प्यांशिवाय तो येत नाही आणि चौथ्याशिवाय टिकत नाही.

'सर्जनशीलतेला पूर्ण मोकळीक हवी.' ख्याल गाणारा गायक रागाच्या चौकटीतच गातो. कोणते स्वर घ्यायचे, कोणते वर्ज्य, हे ठरलेलं असतं. तरीही तोच राग दोन मैफलींत सारखा होत नाही. पुष्कळदा बंधनच विचाराला दिशा देतं.

'जुगाड म्हणजेच सर्जनशीलता.' जुगाडात कल्पकता असते, यात शंका नाही. पण फ्यूजच्या जागी जाड तार घालणं हाही जुगाडच, आणि त्याने घर पेटू शकतं. 'उपयोगी' या अटीत सुरक्षितता आणि टिकाऊपणाही येतात.

'सर्जनशीलता नेहमी चांगली.' व्हिडिओ कॉलवर खोटं पोलीस ठाणं उभं करून लोकांना 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लुबाडणारे टोळीवालेही कल्पक असतात. सर्जनशीलता ही क्षमता आहे. तिचा वापर कशासाठी होतो, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

मग सगळंच सर्जनशील का?

नाही. व्याख्या रुंद करणं म्हणजे ती सोडून देणं नव्हे. व्हायरल ऑडिओवर जशीच्या तशी केलेली हजारावी रील केवळ सोशल मीडियावर आहे म्हणून सर्जनशील ठरत नाही. आणि एखादी आशा कार्यकर्ती निरक्षर आजीला गोळ्यांच्या वेळा लक्षात राहाव्यात म्हणून पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते, तेव्हा ते काम कॅमेऱ्यासमोर झालं नाही म्हणून कमी सर्जनशील ठरत नाही. दोन्हीकडे तोच प्रश्न विचारायचा. इथे नवं काय आहे आणि त्याने काय साधलं?

रोजच्या बोलण्यात काय बदलता येईल?

मुलाला 'तू चित्रकलेत कच्चा आहेस, म्हणजे क्रिएटिव्ह नाहीस' असं सांगणं थांबवता येईल. त्याने वेगळ्या रीतीने गणित सोडवलं, तर 'कसं केलंस?' असं आधी विचारता येईल. कामाच्या ठिकाणी एखाद्या शिपायाने किंवा मदतनीस बाईंनी सुचवलेली पद्धत वापरली, तर बैठकीत त्यांचं नाव घेता येईल.

सोशल मीडियावर तर हे आणखी सोपं आहे. कोणाची युक्ती, पाककृती, नक्षी, ओवी किंवा बी-बियाण्याची माहिती शेअर करताना ती कुठून, कोणाकडून आली, हे त्यांची हरकत नसेल तर एका ओळीत लिहिता येतं. 'फॉरवर्डेड' असं लिहून आलेल्या गोष्टीमागेही कधीतरी, कुठेतरी एक माणूस होता. एचएमटीच्या गोणीवर घड्याळाचं नाव आहे, खोब्रागडे यांचं नाही.